१३५७ फसली म्हणजे नेमकी कोणती तारीख?

जुनी कागदपत्रं डेटाबेसमध्ये भरायला घेतली, की पहिली अडचण तारखेची येते. आमच्या करमाडचंच बघा. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथल्या सरकारी कागदांवर फसली सन असायचा. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. जहागिरी रद्द करणाऱ्या कायद्याच्या नावात १३५८ फसली आहे. तो निघाला ऑगस्ट १९४९ मध्ये. करा बेरीज, जमतं ना?

सुरुवातीला मी १३५८ हे वर्ष तारखेच्या रकान्यात तसंच टाकलं होतं. मायएसक्यूएलने ते मुकाट्याने घेतलं, कारण त्याच्या तारखा सन १००० पासून चालतात. मग १९४० ते १९५० च्या नोंदी मागितल्या, तर उत्तर शून्य. एरर नाही, नुसतं शून्य! एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकाराने मात्र ती तारीख नाकारली असती. तो १ जानेवारी १७५३ पासून सुरू होतो, कारण ब्रिटनने १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले होते.

पण नुसती बेरीज करून भागत नाही. कागदावर फक्त '१३५७ फसली' असेल, तर बरेच जण १ जानेवारी १९४८ लिहून मोकळे होतात. आता हे वर्ष ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असं चालतं, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८, मुक्तीचा दिवस, त्याच्याच पोटात येतो. जमिनीचा व्यवहार मुक्तीआधीचा की नंतरचा, हे त्या कागदावरून ठरत नाही. तुमची क्वेरी मात्र बिनधास्त 'आधीचा' सांगते!

म्हणून तीन रकाने ठेवा: मूळ मजकूर जसाच्या तसा, सर्वात आधीची शक्य तारीख आणि सर्वात नंतरची शक्य तारीख. मुक्तीआधीच्या नोंदी हव्या असतील, तर नंतरची शक्य तारीख १७ सप्टेंबरच्या अलीकडे असावी, अशी अट घाला. मुक्तीनंतरच्या हव्या असतील, तर आधीची शक्य तारीख त्या दिवसाच्या पलीकडे हवी. कोडमधून तारीख पाठवताना ती क्वेरीच्या मजकुरात जोडू नका, पॅरामीटर म्हणून द्या.

दोन्ही अटींत न बसणाऱ्या नोंदी उरतीलच. त्या लपवू नका; किती उरल्या, तो आकडा प्रबंधात लिहा.