७. एसीन
यहुदियातील ज्यू पंथ, इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इ.स. ७० मधील जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसापर्यंतचा. शुद्धिनियमांत अत्यंत काटेकोर. ते मंदिरात बळी देत की नाही, हा वाद इतिहासकार जोसेफसच्या एका वाक्याचा आहे. एसीन मंदिराला भेटी पाठवीत, याबद्दल दुमत नाही. मात्र त्या वाक्याच्या ग्रीक हस्तलिखितांनुसार ते निराळ्या शुद्धिविधीने बळी देत. जुन्या लॅटिन भाषांतरानुसार देतच नसत. ज्यू तत्त्वज्ञ फिलोही ते पशुबळी देत नसत असे म्हणतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्या (१९४७ पासून सापडलेल्या) एसीनांच्या मानल्या, आणि बहुतेक अभ्यासक तसे मानतात, तर त्यांचे भांडण मंदिरातल्या पुरोहितांशी व पंचांगाशी होते, असे दिसते. या गुंडाळ्यांपैकी ‘मंदिर गुंडाळी’त बळींचे सविस्तर नियम आहेत, त्यामुळे एसीनांना मंदिरविरोधी म्हणणे प्रस्तुत संपादकास पटत नाही.