पालथा रोगी, मोकळे पोट

शिनोलीच्या एखाद्या मजुराचा कणा ओझ्याखाली जायबंदी झाला, तर शस्त्रक्रियेसाठी त्याला पालथे निजवतात. तेव्हा पोट दाबले गेले, की रक्त कण्याभोवतीच्या शिरांत चढते आणि जखम भळभळते. या शिरांचे नाते बॅटसन यांनी १९४० साली दाखविले. १९६७ साली टोरांटोच्या रेल्टन व हॉल यांनी चार आधारांची चौकट केली: छाती-कंबर टेकलेली, पोट अधांतरी. रक्तस्राव घटला. तरी डोळा दाबला गेला तर दृष्टी जाऊ शकते. हात ताणला गेला तर लुळा पडू शकतो.

इतिहासात नावे राहिली डॉक्टरांची. पण बेशुद्ध देह मान सांभाळून पालथा करताना परिचारिका व वॉर्डबॉय यांचेही हात लागतात. तेथे एक माणूस कमी नेमणे ही काटकसर नव्हे, रोग्याच्या कण्याशी खेळ होय.