दस्ता

सातवीच्या वर्गात वऱ्हाडचा इतिहास सांगताना आम्ही फळ्यावर दोन तारखा लिहितो. २९ नोव्हेंबर १८०३, अडगावची लढाई. १५ डिसेंबर १८०३, गाविलगड पडला. मुले निमूट उतरवून घेतात. एका वर्षी एका मुलीने विचारले, "सर, त्या बंदुका आता कुठं आहेत?" उत्तर सुचले नाही. आमच्या तिवस्याच्या घरात एक जुनी बंदूक होती, पण तिचा विचार इतिहास म्हणून आम्ही कधी केलाच नव्हता.

ती दादांची. ठासणीची, टोपीवर उडणारी, शेताच्या राखणीसाठी परवाना असलेली. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. शेतीच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यात वेगळा सांगितलेला आहे. रानडुक्कर आणि रोही ज्याच्या तुरीत शिरले आहेत त्यालाच त्या कलमाची किंमत कळते. त्याआधी १८७८ चा इंग्रजांचा कायदा होता. त्यात हिंदी माणसाला परवाना लागे आणि गोऱ्यांना सूट असे.

दादा वारल्यावर बंदूक जमा करावी लागली. वारसाचा परवाना अब्बांच्या नावे व्हायला काही वर्षे गेली. मध्यंतरी गावात कुणीतरी म्हणालेच, "मुसलमानाच्या घरी बंदूक कायले पाहिजे?" डुकरांना जात कळत नाही, असे अब्बांनी हसून सांगितले आणि विषय संपवला. बंदूक परत आली तेव्हा नळी ठीक होती, पण लाकडावर पांढरी बुरशी चढली होती आणि कुणीतरी काळे पॉलिश चोपडले होते.

दस्ता हा शब्द फारसी 'दस्त' म्हणजे हात यापासून आला. दस्तऐवज हा त्याचाच भाऊबंद. उर्दूत बंदुकीच्या या भागाला कुंदा म्हणतात, म्हणजे लाकडाचा ठोकळा. मराठीने हात पसंत केला, आणि आम्हाला मराठीचे म्हणणे जास्त पटते.

पण इतिहासात मान नळीचा. अबुल फज्ल 'आईने अकबरी'त सांगतो की शाही बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कुठून आले, कारागीर, बनवल्याचे ठिकाण, तारीख आणि क्रमांक कोरत. दस्ता करणाऱ्या सुतारासाठी त्या यादीत वेगळी जागा नाही. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत तर नळी दस्त्याला तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली असे. लाकूड फुटले की नवे लावायचे. एका नळीने असे किती दस्ते पाहिले असतील! १८०३ साली कंपनीच्या शिपायांच्या चकमकीच्या बंदुकांना अक्रोडाचे दस्ते होते. आमचा सागवानी. मेळघाट जवळ असताना अक्रोड कोण शोधणार?

लोखंडाला आम्ही हात लावला नाही. दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते. नळी, घोडा आणि चाप त्याच्याकडे ठेवून फक्त लाकूड घरी आणले. पॉलिश स्पिरिटने सोडवले. शोषलेले जुने तेल खडूच्या पुडीचा लेप देऊन ओढून घेतले. जिथे लाकूड दबले होते तिथे ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री धरली. वाफेने तंतू फुगतात आणि खड्डा वर येतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र वाफ काही करू शकत नाही. मग पॉलिश पेपर, आधी जाडा, नंतर बारीक. इथेच आमचा हात सुटला. लाकूड उजळू लागले की थांबवत नाही.

दस्त्याच्या मागच्या टोकाशी, पत्र्याच्या पट्टीजवळ, काळ्या थराखाली काहीतरी कोरलेले होते. दिसले तेव्हा अर्धे पुसून झाले होते. उर्दू आकडे, एक, तीन, आठ. चौथा आमच्या कागदाने नेला होता. हिजरी साल. १३८० ते १३८९ पैकी कोणतेही, म्हणजे १९६० ते १९७० च्या दरम्यान कधीतरी.

एरवी एका आकड्याने काय बिघडते? पण घरात जुना वाद होता. अब्बा म्हणत, जुना दस्ता फुटल्यावर हा नवा दादांनी स्वतः घडवला. बडे अब्बा म्हणत, छे, आपल्या गल्लीतल्या सुताराने, आणि मजुरी म्हणून पायलीभर तूर घेतली. तो सुतार १९६५ च्या आधीच नागपूरला निघून गेला होता. चौथा आकडा दोन असता तर सुतार खरा, आठ असता तर दादा. भिंग लावून पाहिले, तिरपा उजेड टाकून पाहिले. एका बाजूला किंचित वळण वाटते, पण ते सागाच्या रेषेचेही असू शकेल. बडे अब्बांनी बोट फिरवून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर पेपरच फाडला."

अबुल फज्लच्या यादीत सुतार नाही म्हणून आम्ही वर नाक मुरडले. आमच्या घरच्या नोंदीतून तो आम्हीच घासून काढला असेल.

पुढे कागद बाजूला ठेवला. आता जवसाचे तेल. वऱ्हाडात ते फोडणीला चालते. लाकडात ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून इंग्रजी फौजेतही दस्त्यांना तेच देत. थेंबभर घेऊन तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचे, उरलेले पुसायचे आणि वाळू द्यायचे. सागात मूळचेच तेल असल्याने वाळायला वेळ लागतो. घाई केली तर चिकटते. तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेटतात. अम्मींना हे सांगितल्यावर त्यांनी ती अंगणातल्या तारेवर एकेक सुटी वाळत घातली.

पाच हात झाले. त्या तीन आकड्यांवर फडके न लावता फक्त करंगळीने तेल लावले.

परवान्याच्या नूतनीकरणाला बंदूक नेली तेव्हा तिथल्या माणसाने ती उलटी करून नळीवरचा नंबर वहीशी ताडून पाहिला. दस्ता छान झाला म्हणाला, कुणी केला हे विचारले. अब्बांनी आमच्याकडे पाहिले.