पेटी आणि उमेदवार

ज्ञानप्रसाराचा इतिहास लिहितांना आपल्याकडे एक चूक फार वेळां होते. कोणतें साधन केव्हां आलें, कोणीं आणिलें, त्यास खर्च किती लागला, याचीं टिपणें आपण काळजीपूर्वक ठेवितों. परंतु तें साधन लोकांच्या हातीं देतांना त्यांच्या शेजारीं कोण बसला होता, हें लिहून ठेवीत नाहीं. आज खेडोपाडीं इंटरनेट पोंचविण्याच्या ज्या योजना चालू आहेत, त्यांचें मोजमापही असेंच केंद्रांच्या संख्येनें होत असतें. म्हणून या विषयाकडे किंचित् लांबून, म्हणजे लालबाग-परळच्या बाजूनें, पाहण्याचा आमचा विचार आहे. खेड्यांतील इंटरनेटचा लालबाग-परळशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, खेड्यांतून आलेल्या माणसाच्या हातीं अपरिचित ज्ञानसाधन देण्याचा प्रयोग याच वस्तींत शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कापडाच्या गिरण्या वाढल्या आणि कोंकणांतून व घाटावरून माणसें येऊन चाळींत राहूं लागलीं. त्यांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. परंतु पत्रव्यवहार कांहीं चुकत नव्हता. घरीं मनीऑर्डर पाठवावयाची, धाकट्या भावाच्या लग्नाचें विचारावयाचें, बांधाच्या तंट्याचें काय झालें तें समजून घ्यावयाचें. याकरितां फोर्टांतील मोठ्या पोस्टाबाहेर पत्रलेखक बसत. चार पैसे घेऊन ते कार्ड लिहीत, मनीऑर्डरचा फॉर्म भरीत. सोय खरोखरच मोठी. परंतु तिची किंमत केवळ पैशांची नव्हती. बायकोस लिहावयाची गोष्ट परक्या माणसास, तीही भर रस्त्यावर, सांगावी लागे. जें सांगवत नसे तें लिहिलेंच जात नसे. निरक्षराचें खासगी जीवन असें दुसऱ्याच्या टांकाच्या टोकावर उभें असे.

या स्थितीवर ज्यांनीं इलाज शोधला त्यांत नारायण मल्हार जोशी यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. भारत सेवक समाजाच्या या सभासदानें १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगनें रात्रीच्या शाळा काढल्या, मोफत वाचनालयें उघडलीं आणि पुस्तकांच्या पेट्या कामगारवस्तींतून फिरविल्या. परळास १९२२ सालीं उभा राहिलेला दामोदर हॉल तिच्याच कार्याचा. इकडे सुशिक्षितांकरितां मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालींच निघालें होतें. पण ग्रंथसंग्रहालयाची पायरी चढण्यास आधीं वाचतां यावें लागतें. तिकडे बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचें जाळें विणण्यास आरंभ केला होता. तेथूनही खेड्यांकडे अशाच पेट्या जात.

पेटीची कल्पना साधी आहे. मनुष्य पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकानें मनुष्याकडे जावें. परंतु बारा बारा तास यंत्रापुढें उभा राहून आलेल्या माणसाच्या दाराशीं पेटी ठेविली म्हणजे तो वाचूं लागेल, असें समजणें भोळेपणाचें झालें असतें. रात्रीच्या शाळेस शिकविणारा लागतो, तसा पेटीसही उघडून दाखविणारा लागतो. हा जो कोणी असे, तो पेटी ठेवून निघून जाई, कीं दिवा लावून चार घटका तेथेंच बसे, यावर सर्व कांहीं अवलंबून होतें.

आमचें हें म्हणणें पुढें एका प्रयोगानें जवळजवळ गणितासारखें सिद्ध झालें. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें तेव्हांच्या मुंबई राज्यांतील ५ मराठी जिल्ह्यांत, सुमारें १५० खेड्यांतून, शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें स्थापिलीं. १० आठवडे, आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास कार्यक्रम होई. तो ऐकून मंडळींनीं त्यावर चर्चा करावयाची, शंका केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या आणि उत्तरें पुढें रेडिओवर ऐकावयाचीं, अशी योजना होती. प्रत्येक मंडळास बैठक भरविणारा व टिपण ठेवणारा गांवांतलाच एक निमंत्रक असे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या उपक्रमाची परीक्षा केली, तेव्हां श्रवणमंडळांच्या खेड्यांची तुलना रेडिओ आहे पण मंडळ नाहीं अशा खेड्यांशीं, आणि रेडिओच नाहीं अशा खेड्यांशीं करण्यांत आली. मंडळांच्या खेड्यांत लोकांच्या माहितींत मोठी भर पडली; नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांत फारच थोडी. यंत्र दोन्हीकडे तेंच होतें आणि आवाजही तोच. फरक होता तो यंत्राभोंवतीं माणसें जमविणाऱ्याचा.

भारतांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. तें खुलें करणाऱ्या विदेश संचार निगमाची मुख्य कचेरी आमच्या फोर्टांतच होती. पुढें गिरगांवांत व दादरास सायबर कॅफे निघाले. आम्हीं आपलें पहिलें ई-पत्र दादरच्या अशाच एका दुकानांत लिहिलें, आणि हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं कीं, इंग्रजी वाङ्मयाची पदवी पदरीं असूनही तें पाठवावयाचें कसें, हें आम्हांस दुकानांत बसणाऱ्या, मिसरूडही न फुटलेल्या मुलानें शिकविलें. त्यानें स्वतः पाठवून दिलें असतें तर त्याचा वेळ वांचला असता. पण त्यानें आमचा हात धरून शिकविलें, म्हणून आम्ही पुन्हां त्याच्याकडे त्या कामासाठीं गेलों नाहीं.

१९९८ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोंवतालच्या सुमारें ७० गांवांत संगणक-केंद्रें उघडण्यांत आलीं. बाजारभाव, पिकांची माहिती, सरकारी कागदपत्रें, सर्व तेथें मिळावें, अशी योजकांची इच्छा होती. प्रत्यक्षांत शेतकरी आला तो ऊंस किती टन गेला आणि बिल किती झालें एवढें विचारण्यास. आणि तेंही यंत्रास नव्हे, यंत्रापुढें बसलेल्या माणसास. पुढें कांहीं गांवांत तेंच काम साध्या मोबाइलच्या संदेशांनीं करून पाहिलें, तेव्हां तें तितकेंच चांगलें झालें. केंद्रानें हिशेब दिला. परंतु शेतकऱ्याच्या हातीं नवी विद्या दिली असें म्हणवत नाहीं.

त्यानंतर योजनांची रांगच लागली. २०११ सालीं ‘संग्राम’ योजनेखालीं ग्रामपंचायतींत संगणक व संगणक परिचालक आले. २०१५ सालीं गूगल व टाटा ट्रस्ट यांनीं ‘इंटरनेट साथी’ हा उपक्रम सुरू केला. त्यांत खेड्यांतल्याच स्त्रिया, आरंभीं सायकलींवरून, यंत्रें घेऊन घरोघर जात व इतर स्त्रियांस शिकवीत. जुनी पेटीच जणूं पुन्हां फिरूं लागली होती. २०२४ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तींत बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरलें. मुदत प्रथम ६ महिन्यांची होती, ती पुढें वाढवून ११ महिने करण्यांत आली. या योजनेंतले तरुण ग्रामपंचायतींतूनही नेमले गेले. जुन्या मुंबईंत कचेरींत काम शिकण्यासाठीं राबणाऱ्यास ‘उमेदवार’ म्हणत. हे नव्या काळचे उमेदवारच होत.

या उमेदवारांशीं आपण कसे वागतों? संगणक परिचालकांस मानधनासाठीं आझाद मैदानावर धरणें धरून बसावें लागलें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. रत्नागिरीकडील एका लहान गांवीं आमच्या विद्यार्थ्यांचें शिबिर होतें, तेव्हां पंचायतीच्या खोलींत यंत्र झांकून ठेविलेलें आढळलें. विचारतां, “पोराची मुदत सरली,” एवढेंच उत्तर मिळालें. गांवाचीं नांवें, दाखले, अर्ज त्या पोरास तोंडपाठ होते. तो गेला आणि त्याच्याबरोबर तें ज्ञानही गेलें. यंत्राची नोंद मात्र वहींत कायम होती.

परंतु याला दुसरीही बाजू आहे आणि ती लपविणें बरें नव्हे. त्याच गांवीं एक म्हातारी आपला मोबाइल सरळ दुकानदाराच्या हातीं देऊन, बँकेचा गुप्त आंकडा त्यास चारचौघांत वाचावयास सांगतांना आम्हीं पाहिली. दुकानदार सज्जन होता, म्हणून चिंता नाहीं. पण आम्हांस पोस्टाबाहेरचा तो पत्रलेखक आठवला. शंभर वर्षांत टांक गेला आणि कांचेचा पडदा आला. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची लाचारी मात्र गेली नाहीं. जो उमेदवार लोकांचीं कामें नुसतीं करून देतो, तो नवा पत्रलेखक होय. जो त्यांस हातास धरून करावयास लावतो, तो रात्रीच्या शाळेचा वारस.

लालबागेंत व गिरगांवांत आजही कोंकणांतील अनेक गांवांचीं मुंबईकर मंडळें आहेत. त्यांनीं गांवीं देवळें बांधलीं, शाळांस मदत केली, नळ आणले. गणपतीस त्यांचीं मुलें गांवीं जातात आणि आजोबांचा मोबाइल दुरुस्त करून परत येतात. या मंडळांस आमची एकच विनंती आहे. गांवास आणखी एक संगणक देण्यापूर्वीं, तेथल्या एका मुलास वा मुलीस निदान तीन वर्षें पुरेल असें वेतन द्यावें, आणि वर्षाअखेरीस हिशेब मागतांना तिनें किती अर्ज भरले हें न विचारतां, किती जण आतां स्वतः अर्ज भरूं लागले, एवढेंच विचारावें. ती म्हातारी आपला आंकडा स्वतः वाचूं लागेल, त्या दिवशीं त्या तीन वर्षांच्या वेतनाची फेड झाली असें आम्ही समजूं.