पेठेंतील किराणा दुकान : काल आणि आज

दुकान विकत घेणारा मनुष्य वस्तुतः काय विकत घेतो, ह्या प्रश्नाचें उत्तर वरवर दिसतें तितकें सोपें नाहीं. फळ्या, डबे, तराजू आणि शिल्लक माल ह्यांची किंमत दोन जाणते गृहस्थ एका दुपारीं ठरवूं शकतात. परंतु चालू दुकानाची किंमत ह्या सर्वांच्या बेरजेहून अधिक सांगितली जाते, आणि हें अधिक कशाबद्दल, ह्यावरच व्यवहाराचें बरेंवाईट अवलंबून असतें. आयुष्याची पुंजी घालून एखादें जुनें दुकान घ्यावें कीं न घ्यावें, असा विचार आजही पुष्कळ घरांतून चालतो. अशा घरांना किराणा-भुसार दुकानाचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास उपयोगी पडण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकांत खेड्यांतील दुकानाचें खरें भांडवल म्हणजे खातेवही होय. बाजाराच्या गांवीं मीठ, गूळ, तेल विकणारा वाणी बहुधा सावकारीही करी. पीक हातीं येईपर्यंत शेतकऱ्याजवळ रोकड नसे. तोंवर धान्य, बियाणें आणि सरकारसाऱ्याचे पैसे त्याला ह्याच दारांतून उचलावे लागत. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचे भाव चढले आणि पत सैल झाली. युद्ध संपतांच भाव उतरले व पत आंवळली गेली. त्याचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें ह्या बाजारपेठेच्या गांवीं झाला. जमलेल्या कुणब्यांनीं दुकानदार-सावकारांकडे प्रथम मागितल्या त्या खातेवह्या आणि कर्जरोखे, व ते हातीं येतांच त्यांची होळी केली. धान्याचीं दुकानेंही लुटलीं गेलीं. दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, चौकशीमंडळ नेमलें गेलें, आणि १८७९ च्या कायद्यानें रोख्यामागील मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. दुकानाची वही ही एकाच वेळीं गरिबाचा आधार आणि त्याच्या गळ्यांतील लोढणें कशी होती, हें ह्या प्रकरणावरून स्पष्ट होतें.

मुंबईच्या गिरणगांवांत ह्याच वहीचें निराळें रूप दिसलें. कामगार महिनाभर सामान उधारीवर नेई आणि पगाराच्या दिवशीं हिशेब चुकता करी. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हां सुमारें अडीच लाख कामगारांच्या घरीं पगार येणें थांबलें, आणि कित्येक चुली वाण्याच्या उधारीवर पेटत राहिल्या. संप लांबत गेला तसतशी कांहीं दुकानदारांची बाकी वहींतच राहिली. दुकान घेऊं पाहणाऱ्यानें येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उधारी ही माणसाच्या तोंडावर दिलेली असते. मालक बदलला म्हणजे येणें कागदावर नव्या मालकाचें होतें खरें, परंतु देणेकऱ्याची भीड जुन्या मालकाबरोबर निघून जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत दुकानाच्या किंमतीचें केंद्र वहीवरून जागेकडे सरकलें. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें आणि धान्य विकण्याचा परवाना ही स्वतंत्र मालमत्ता होऊन बसली. पाठोपाठ १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं गोठलीं. भाडें थोडें आणि जागेला मागणी फार, अशा स्थितींत पागडीची प्रथा फोफावली. ती कायद्याला मान्य नव्हती, तथापि सर्रास चाले. पुढें १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें तिला मान्यता दिली. अशा दुकानांत दहा हजारांच्या मालासाठीं कोणी लाखों रुपये मोजी तेव्हां तो वस्तुतः रस्त्याचा कोपरा विकत घेत असे. आजही पुण्यामुंबईच्या जुन्या पेठांतून हाच प्रकार आहे. म्हणून घरमालकाची लेखी संमति हातीं आल्यावांचून विसार देणें शहाणपणाचें नव्हे.

दरम्यान वाण्याच्या कसबालाही ओहोटी लागत होती. शेर-पायलीच्या काळांत माल पारखणें, निवडणें, चाळणें, मिसळणें आणि मापणें ह्यांत दुकानदाराचा नफा असे. क्वचित् लबाडीही असे. १९५६ च्या कायद्यानें किलोग्रॅम आला, १ एप्रिल १९५७ पासून नवा पैसा आला, आणि हिशेब सर्वांना सारखा झाला. १९७७ च्या नियमांनीं पुडक्यावर वजन, किंमत इत्यादि मजकूर छापणें आवश्यक केलें. ग्राहकाचें ह्यांत हितच झालें. परंतु छापील किंमतीच्या मालावर नफा किती, हें आतां कारखानदार ठरवूं लागला. दुकानदार त्याचा जणुं वाटप्या झाला.

प्रतिस्पर्धी मात्र नवे नाहींत. मुंबईच्या नायगांवांत १९४८ सालीं सुरू झालेली कामगारांची ग्राहक संस्था पुढें 'अपना बाजार' म्हणून वाढली. २००१ सालीं 'बिग बझार' आणि २००२ सालीं पवई येथें 'डी-मार्ट' आलें. २०१२ सालीं परदेशी भांडवलास किरकोळ व्यापारांत शेंकडा ५१ पर्यंत सशर्त वाट मिळाली. त्या प्रत्येक वेळीं वाण्याचें दुकान संपलें असें म्हटलें गेलें. पण सुमारें सोळाशें दुकानें थाटणारी 'सुभिक्षा' २००९ सालींच कोसळली, आणि 'बिग बझार'ही २०२२ पर्यंत मिटलें. २५ मार्च २०२० रोजीं देश बंद झाला तेव्हां शेजारचें लहान दुकानच गल्लीला उपयोगी पडलें. परंतु २०२१ नंतर दहा-वीस मिनिटांत माल घरपोंच करणाऱ्या कंपन्या मोठ्या शहरांत पसरल्या, आणि त्यांनीं वाण्याचा शेवटचा गुण, म्हणजे जवळीक, हाच हिरावण्यास आरंभ केला आहे. मागील स्पर्धेहून ही स्पर्धा ह्या कारणानें निराळ्या जातीची आहे.

आतां एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. समजा, एका दुकानाची रोजची विक्री दहा हजार, म्हणजे महिन्याची तीन लाख आहे. छापील मालावर सरासरी शेंकडा दहा सुटले तर तीस हजार होतात. त्यांतून भाडें आठ हजार, नोकराचा पगार नऊ हजार, वीज व किरकोळ खर्च तीन हजार, नासधूस व बुडीत दोन हजार वजा जातां आठ हजार उरतात. दुकानास बारा लाख दिले असतील, तर शेंकडा सात दरानें त्यांचें व्याजच महिना सात हजार होतें. बाकी एक हजार! नोकर काढून नवराबायकोंनीं पहांटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसावें, तर दोघांच्या श्रमास मिळून दहा हजार पडतात. ह्याचा अर्थ, बारा लाख देऊन दहा हजारांची नोकरी घेतली. उलट, सुटें धान्य, कडधान्य, मसाले, पापड-लोणचीं, सणावाराचें सामान असा स्वतःच्या पारखीचा माल ठेवून त्याच विक्रीवर शेंकडा पंधरा सुटले, तर त्याच दोघांच्या हातीं पंचवीस हजार येतात.

तेव्हां विक्रेत्याच्या तोंडी आंकड्यांवर विसंबूं नये. शक्य असल्यास सौदा करण्यापूर्वीं महिनाभर त्याच्या गल्ल्याशेजारीं बसावें आणि खरेदीचीं बिलें विक्रीशीं ताडून पाहावीं. वस्तु व सेवा कराची जुनी बाकी घेणाऱ्यावरही येऊं शकते. तिचा दाखला मागावा. दुकानाच्या नांवलौकिकाचे पैसे घेणाऱ्या विक्रेत्यानें त्याच पेठेंत पुन्हां तोच धंदा उघडूं नये, अशी वाजवी अट १८७२ च्या करार कायद्यानुसार घालतां येते. ती लिहून घ्यावी.

ज्याचा गाळा स्वतःचा आहे, ज्याच्या घरांत बसणारीं माणसें आहेत आणि ज्याला मालाची पारख आहे, त्याला असें दुकान आजही घर चालवूं देईल, मात्र श्रीमंती देणार नाहीं. भाड्याचा गाळा, पगारी नोकर आणि छापील किंमतीचा माल ह्या तिन्हींवर भिस्त ठेवणाऱ्यानें आपली पुंजी बँकेंत ठेवलेली बरी.