बोंडात शिरण्यापूर्वीचे १७५ तास

१७५ तास आधी. रात्रीचे २.
ऑक्टोबर. यवतमाळकडची पऱ्हाटी छातीला लागलेली. दिवसभर पाल्यात आणि जमिनीच्या भेगांत दडलेले पतंग आता बाहेर पडलेत. पंख पसरले तरी दोन सेंटिमीटरच्या आत मावणारा जीव. करड्या-तपकिरी पंखांवर काळपट ठिपके, पुसट आडवे पट्टे, मागच्या पंखांना झालर. मादी गंध सोडते, नर त्या वासाच्या मागाने येतो. कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स यांनी १८४३ साली या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेही भारतातल्या कापसावरच्या नमुन्यांवरून. गुलाबी बोंडअळी, म्हणजे या पतंगाची अळी, काही बीटी कापसाबरोबर आलेली नाही. ती इथलीच जुनी रहिवासी.

१७१ तास. सकाळचे ६.
कामगंध सापळ्यात रात्रीचे नर अडकलेत. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली. आधी मिळणारा खरा इशारा हाच. त्यासाठी शेतात सापळा हवा, आणि पतंग मोजायला सवड.

१०८ तास. रात्रीचे ९.
मादी हिरव्या बोंडाच्या बुडाशी, निदलांच्या आड अंडी घालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे, मोतिया पांढरे. बोंड हातात धरूनही दिसणार नाही. अंड्यांतच वाढून ती संपवणारा ट्रायकोग्रामा हा सूक्ष्म कीटक सोडायचा तर तो अंडी फुटायच्या आतच.

१ तास. सकाळचे ८.
अंडे फुटते. अळी पांढरी, डोके काळसर. गुलाबीपणाचा पत्ता नाही. ती बोंडाच्या सालीवरून सरकत जागा शोधते. फवाऱ्याच्या तावडीत ती सापडू शकते ती एवढ्याच वेळात.

शून्य.
अळी आत. भोक भरून येते, वरून बोंड टवटवीत.

यानंतर फवारणे म्हणजे पैसे पाण्यात ओतणे, आणि जिवाशी खेळही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. मग अळीला मारणारे विष झाडातच असलेल्या बीटी कापसाचे काय? आपल्याकडचे बीटी वाण संकरित. त्यांच्या एकाच बोंडात काही बिया अळीला विषारी, काही बिनविषारी निघतात. अळीला सरावायला याहून सोयीचे काय हवे? २००२ साली परवानगी मिळालेल्या वाणांना गुजरातेत ती २०१० पर्यंत पुरून उरली, पुढे बोलगार्ड-२ या नंतरच्या बीटी वाणांनाही.

सुमारे १२ दिवसांनी ती गुलाबी होऊन बाहेर पडते. वेचणीला हाती येते ती डाग पडलेली कवडी. हंगामाच्या शेवटच्या अळ्या दोन सरक्या चिकटवून त्यांत महिनोन्महिने सुप्त राहतात. कापसाबरोबर जिनिंगच्या आवारातही पोचतात. डिसेंबरात पऱ्हाटी उपटली तर त्यांची साखळी तुटते. पण पहिल्या वेचणीत मार खाल्लेला माणूस खर्च भरून काढायला पऱ्हाटी तशीच ठेवून, पाणी देऊन फरदडच घेतो.