बिरसीमार्गे झाडीपट्टीत : गोंदिया जिल्ह्यात प्रथमच जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्राच्या नकाशावर ईशान्येच्या टोकाला असलेला गोंदिया जिल्हा बहुतेकांना केवळ एका रेल्वे स्थानकाच्या नावाने परिचित आहे. विदर्भ एक्स्प्रेस येथे संपते आणि कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सारे राज्य ओलांडून येथेच थांबते, एवढीच पुण्या-मुंबईकडील वाचकाची माहिती असते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड, दक्षिणेस गडचिरोली आणि पश्चिमेस भंडारा अशा या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात तलाव, भातशेती, साग-बांबूची वने आणि गोंडी संस्कृती एकत्र नांदतात. हा मुलूख 'झाडीपट्टी' या नावाने ओळखला जातो. प्रथमच येणाऱ्याने काही गोष्टी आधी जाणून घेतल्यास प्रवास सुखाचा होतो, आणि ज्यांच्या गावी आपण जातो त्यांनाही त्रास होत नाही.

कसे जाल?

गोंदिया शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर, कामठा गावाजवळ बिरसी येथे विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली. स्वातंत्र्यानंतर ती दीर्घकाळ जवळजवळ निरुपयोगी पडून होती. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतल्यानंतर तिचा विस्तार झाला आणि वैमानिक प्रशिक्षणाचे केंद्र येथे उभे राहिले. नियमित प्रवासी सेवेस मात्र मार्च २०२२ ची वाट पाहावी लागली. 'फ्लायबिग'ची इंदूर-गोंदिया-हैदराबाद ही सेवा काही महिन्यांतच बंद पडली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून 'इंडिगो'ने हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली. या विमानतळावरील मार्ग व वेळापत्रके वारंवार बदलत आली आहेत. म्हणून केवळ विमानावर विसंबून सहलीची आखणी करू नये. तिकीट काढताना परतीचा रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवावा. नागपूरचा विमानतळ हा अधिक भरवशाचा मार्ग होय.

रेल्वेचा प्रवास सर्वांत सोयीचा. हावडा-नागपूर-मुंबई या मुख्य मार्गावरील गोंदिया जंक्शन नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. येथून उत्तरेकडे बालाघाट-जबलपूरला आणि दक्षिणेकडे वडसामार्गे बल्लारपूरला फाटे जातात. पूर्वी जबलपूरकडे जाणारी सातपुड्यातील अरुंद गाडी आता इतिहासजमा झाली असून तो मार्ग रुंद झाला आहे. स्वतःचे वाहन असल्यास नागपूर-रायपूर महामार्गाने साकोली, सडक अर्जुनी मागे टाकून कोहमाऱ्याला यावे. तेथून एक रस्ता गोंदियाकडे व दुसरा नवेगावबांधकडे फुटतो.

जिल्ह्यांतर्गत प्रवासासाठी एस.टी. व काळी-पिवळी गाड्या आहेत. परंतु आडगावांच्या फेऱ्या कमी असून सायंकाळनंतर त्या जवळपास मिळत नाहीत. विमानतळाबाहेर वाहन मिळेलच असे गृहीत धरू नये. मुक्कामाच्या ठिकाणाहून आधी ठरवून घ्यावे.

केव्हा जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. धानाची कापणी झालेली असते, तलाव भरलेले असतात आणि स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाते. 'विदर्भात कसली थंडी' या समजुतीने गरम कपडे न आणणाऱ्यांची फजिती होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचतो. वन्यप्राणी पाणवठ्यावर दिसण्याचा हाच काळ असला तरी लहान मुले व वृद्धांना घेऊन तेव्हा येणे टाळावे. पावसाळ्यात रोवणीचे दृश्य विलोभनीय असते, परंतु व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन तेव्हा बंद असते आणि नाल्यांना पूर आल्यास रस्ते तुटतात.

काय पाहाल?

बिरसीच्या आसपासच आरंभ करावा. विमानतळालगतच्या परसवाडा व झिलमिली येथील तलावांवर हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. महाराष्ट्रात सारस क्रौंच पक्षी आता प्रामुख्याने गोंदिया आणि लगतच्या भंडारा जिल्ह्यातच उरला आहे, तोही अगदी मोजक्या संख्येत. सारस पावसाळ्यात भाताच्या बांधीत किंवा तलावाकाठच्या गवतात घरटे करतो. शेतकऱ्याने आपले पीक सांभाळत त्याची अंडी राखली तरच पिल्ले वाढतात. त्यामुळे दुर्बिणीतून दूरवरूनच पाहावे, बांधीत उतरू नये. विमानतळाच्या परिसरात विनापरवाना ड्रोन उडविणे बेकायदा आहेच; पक्ष्यांसाठीही ते घातक आहे.

शेजारच्या कामठ्याला जमीनदारीचा इतिहास आहे. १८१८ साली येथील चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. गोंदियाजवळच्या नागरा येथील प्राचीन शिवमंदिरही याच दिवशी पाहून होते.

पूर्वेला सालेकसा तालुक्यात दरेकसा स्थानकापासून जवळच हाजरा धबधबा आहे. पावसाळा व त्यानंतरचे काही आठवडेच तो भरून वाहतो. निसरड्या खडकांवर चढण्याचा मोह टाळावा. याच भागातील कचारगड ही गोंड समाजाची श्रद्धाभूमी होय. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्याशी निगडित असलेल्या येथील गुहांच्या दर्शनासाठी माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून भाविक येतात. यात्रेच्या दिवसांत मुक्कामाची जागा मिळणे कठीण असते. हे देवस्थान आहे, सहलीचा डोंगर नव्हे, याचे भान ठेवावे. पूजेची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत.

दक्षिणेला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाने या प्रदेशात असंख्य जलाशय निर्माण केले. सरकारदरबारी त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, तर लोक थोडक्यात 'मामा तलाव' म्हणून मोकळे होतात. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने येथे दीर्घकाळ वास्तव्य केले. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, महाशिवरात्रीच्या यात्रेचे व दर्ग्याचेही ठिकाण असलेला प्रतापगड आणि जवळच १९७० च्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. भातखाचरांच्या मध्ये फडफडणाऱ्या प्रार्थनापताका पाहून नवखा प्रवासी चकित होतो.

व्याघ्र प्रकल्पाचे नियम

नवेगाव व नागझिरा ही वने मिळून १२ डिसेंबर २०१३ रोजी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. तरीही येथे ताडोबाप्रमाणे हमखास व्याघ्रदर्शनाची अपेक्षा ठेवू नये. अस्वल, रानगवे, रानकुत्री आणि पक्षी हेच या वनाचे खरे वैभव. नागझिऱ्यासाठी चोरखमारा, पिटेझरी, मंगेझरी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारे आहेत. आरक्षण ज्या द्वाराचे असेल तेथूनच प्रवेश मिळतो आणि ही द्वारे परस्परांपासून बरीच दूर आहेत. साप्ताहिक सुटीचा वार आधी पाहून घ्यावा व ओळखपत्र सोबत ठेवावे.

वनालगतच्या गावांत पहाटे वा संध्याकाळी एकट्याने पायी फिरू नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याच्या हंगामात अस्वलेही त्याच झाडांखाली येतात.

भाषा व खाणे

गोंदिया शहरात हिंदी सर्रास चालते. खेड्यांत झाडीबोली, पोवारी, लोधी आणि गोंडी ऐकू येतात. झाडीबोलीत 'ळ' व 'ण' नाहीत. 'डोळा' येथे 'डोरा' होतो. याला अशुद्ध मराठी समजून हसणे हा पाहुण्याने करू नये असा पहिला अपराध. गोंड बांधवांना 'जय सेवा' म्हणून अभिवादन केल्यास आपुलकीने उत्तर मिळते.

भात हेच येथील मुख्य अन्न. तलावातील ताजे मासे, लाखोळीची डाळ, हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे अवश्य चाखावेत. चांगली भोजनालये मुख्यतः गोंदिया व तालुक्याच्या गावीच आहेत. वनात जाताना पाणी व फराळ सोबत असावा.

आरोग्य व सुरक्षितता

पूर्व व दक्षिणेकडील वनपट्ट्यात हिवतापाचा प्रादुर्भाव आढळतो. मच्छरदाणी, डास प्रतिबंधक मलम व अंगभर कपडे आवश्यक. परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. सर्पदंश झाल्यास झाडफूक वा चिरा मारण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून गंभीर रुग्णांसाठी तेच जवळचे मोठे केंद्र आहे.

सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांची अनेक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून नोंद होती. पर्यटनस्थळांना दिवसा भेट देण्यास त्यामुळे अडचण येत नाही. मात्र सीमेलगतच्या वनमार्गांनी रात्री प्रवास करू नये आणि आडवाटेला जाण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी. पोलिस चौक्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. वनक्षेत्रात मोबाइल संपर्क तुटतो, तेव्हा मोबाइलवरून पैसे देणेही जमत नाही. म्हणून सुटी रोकड जवळ बाळगावी.

तीन दिवसांची आखणी

पहिला दिवस परसवाडा, झिलमिली, कामठा व नागरा. दुसरा दिवस दरेकसा, हाजरा व कचारगड. तिसरा दिवस नवेगावबांध, प्रतापगड व इटियाडोह. नागझिऱ्यासाठी स्वतंत्र एक दिवस व एक रात्र ठेवावी. वेळ असल्यास बालाघाटमार्गे कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की द्वाराकडेही जाता येते.

बिरसीची धावपट्टी वाढविताना आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळला. विमानाने तासा-दोन तासांत येथे उतरणाऱ्याने हे विसरू नये. शक्य तेथे गावातीलच वाहन, वाटाड्या व भोजन घ्यावे. तलावकाठी शिंगाडे आणि मासे थेट ढिवर बांधवांकडून विकत घ्यावेत. विमानसेवेचा लाभ गावापर्यंत पोहोचविण्याचा प्रवाशाच्या हातातील हा सर्वांत सोपा मार्ग आहे.